जुना फायबरचा ड्रम भंगारात घालण्याआधी

सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत ऑर्केस्ट्रा आणि बँडवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. मला तो एकाच दिवशी चौघांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जुने फायबरचे ड्रम म्हणजे प्लॅस्टिक. त्यांच्या आवाजात जीव नसतो. ड्रम बोलायला लाकूडच लागतं, रिकाम्या शेलवर, म्हणजे ड्रमच्या नुसत्या गोल सांगाड्यावर, टिचकी मारून बघा, कळेल. फायबर जुनं झालं की तडकतं, लाकूड जुनं झालं की गोड होतं. नावाजलेल्या वादकांनी फायबर कधी वापरलं नाही. तेव्हा असा सेट पडून असेल तर भंगारात द्या आणि साधा का होईना, लाकडी घ्या.

हे वाचून आमच्या ओळखीतल्या एका मुलाने वडिलांचा १९७० च्या दशकातला पाच ड्रमचा सेट खरोखरच वजनावर विकायला काढला. भंगारवाल्याच्या हातगाडीवरून तो मी उतरवून घेतला. तीस वर्षं ड्रम वाजवतोय, त्यातली निम्मी दुरुस्तही करतोय. त्या हातगाडीवर टॉमच्या (सेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रमच्या) आत पत्र्याचे तुकडे भरलेले पाहिले आणि राहवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट प्लॅस्टिकची. आपल्याकडे ‘फायबर’ हा शब्द फार सैल वापरला जातो. ढोल-ताशा पथकात ‘फायबरचं पान’ म्हणतात तो प्लॅस्टिकचा पडदा असतो. पारदर्शक ड्रम दिसला की त्यालाही आपण फायबरच म्हणतो, पण तो असतो ॲक्रिलिकचा. ड्रम बनवणाऱ्या लडविग कंपनीने १९७२ मध्ये ‘व्हिस्टालाइट’ नावाने आणले ते ॲक्रिलिकचे. फायबरग्लास ही वेगळीच चीज आहे. काचेच्या तंतूंची चटई साच्यावर अंथरायची, ती रेझिनने भिजवायची, रेझिनमधला हार्डनर काम करून तो थर घट्ट झाला की साच्यातून काढायचा. ॲक्रिलिक तापवलं की मऊ पडतं आणि वाकवता येतं. घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत फायबरचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. मी विचारलं तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी मला तुटलेला एक तुकडा हातात दिला आणि म्हणाले, “दादा, ही कड बघा. चटई नीट भिजली असेल तर आत पांढरं काही दिसत नाही. पांढरी रेघ दिसली की समजायचं, आत हवा राहिलीय.” त्या दिवसापासून मी प्रत्येक जुन्या शेलची कड उन्हात धरून आधी पांढऱ्या रेघा शोधतो. म्हणजे फायबरग्लासमध्येही चांगलं काम आणि वाईट काम असतं. सगळे एका मापाने मोजणं म्हणजे शिसव आणि आंब्याची फळी एकच म्हणणं.

आता मुख्य मुद्दा, आवाजाचा. ‘लाकूडच बोलतं’ हे आपल्या भागात कुणी कसं म्हणू शकतं, याचंच मला नवल वाटतं. ताशाचं भांडं तांब्याचं असतं. डग्गा तांब्या-पितळेचा असतो. हलगीला लोखंडी कडं असतं आणि ती साताऱ्याच्या एखाद्या जत्रेत वाजायला लागली की अर्ध्या मैलावरचा माणूस चालता चालता थांबतो. आवाज मुळात कातड्याचा किंवा पडद्याचा असतो. त्याचा व्यास, त्याचा ताण, त्याचं वजन आणि आत कोंडलेली हवा, सूर ठरतो तो यांवर. शेल त्या आवाजाला वळण देतं : किती परतवायचं, किती शोषायचं, पडद्याला किती घट्ट आणि सपाट आधार द्यायचा. शेलला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. महत्त्व आहे, पण ते ‘लाकूड की फायबर’ एवढ्या एका प्रश्नात मावत नाही.

टिचकीच्या परीक्षेत नेमकं हेच निसटतं. रिकामं शेल बोटावर टांगून टिचकी मारली तर ते शेल एकटं वाजतं. त्यावर आठ लग (पडदा ताणणारे स्क्रू ज्यात बसतात ते धातूचे ठोकळे), स्क्रू, दोन रिंगा आणि ताणलेले दोन पडदे चढवले की ते तसं मोकळं थरथरतच नाही. घागरीला टिचकी मारून पाणी गोड की मचूळ हे कसं कळणार?

मी काय केलं ते सांगतो. हातगाडीवरून आणलेल्या सेटमधला तेरा इंची टॉम घेतला. बिल्ला केव्हाच पडून गेलेला, कंपनी सांगता येत नाही. शेजारी माझा स्वतःचा तेरा इंची प्लायवूडचा टॉम ठेवला. दोन्हींवर वरखाली एकाच जातीचे नवे पडदे चढवले आणि प्रत्येक लगपाशी सूर जुळवला. वाजवायला पुतण्या आतल्या खोलीत, ऐकायला बाहेर आम्ही तिघं : मी, एक कीबोर्डवाले आणि एक ढोलकीवाले काका. पहिल्या फेरीत तिघांनीही फायबरचा टॉम बरोबर ओळखला. आवाज बसका होता, आस नव्हती, म्हणजे घाव पडल्यावर तो रेंगाळत नव्हता, ‘ठप’ म्हणून संपत होता. मजकूर लिहिणारा तिथे असता तर म्हणाला असता, बघा!

मग रात्री घरातले दिवे घालवले, पडदे उतरवलेलं शेल ग्रॅनाइटच्या सपाट लादीवर पालथं घातलं आणि आत एक छोटा बल्ब लावला. ज्या कडेवर पडदा टेकतो, तिच्याखालून दोन ठिकाणी उजेडाची फट दिसली. एका फटीत पोस्टकार्ड सहज सरकलं. पूर्वी कुणीतरी कानशीने कड ‘दुरुस्त’ केली असावी. जिथे कड खाली गेलेली असते तिथे पडद्याला नीट आधार मिळत नाही. मग कितीही किल्ली फिरवा, सूर एकसंध होत नाही. लादीवर बारीक पॉलिश पेपर चिकटवला, पाणी शिंपडलं आणि शेल गोल गोल फिरवत तीन संध्याकाळ ती कड सपाट केली. (हे करताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. फायबरची भुकटी अंगाला लागली तर दोन दिवस खाज जात नाही आणि ती श्वासात तर मुळीच जाऊ द्यायची नाही. कोरडं घासू नका.) फट बंद झाली, उजेड मावळला. मग कडेचा आतला उतार नीट करून पडदे पुन्हा चढवले.

दुसऱ्या फेरीत आवाज मोकळा झाला होता. फरक उरला, तो नाकारत नाही. फायबरचा टॉम मोठा वाजत होता, काठीचा घाव स्पष्ट ऐकू येत होता, वरची धार जास्त होती. लाकडी टॉम थोडा गोल, मऊ आणि घुमारेदार. कीबोर्डवाल्यांना लाकडी आवडला. ढोलकीवाले काका म्हणाले, “वरातीत मला हा दुसरा, फायबरचा पाहिजे. पोंग्यासमोर तोच टिकेल.” फरक आहे आणि तो आवडीचा, कामाचा आहे. आतला गुळगुळीत कठीण थर टिपेचे स्वर जास्त परतवतो, खरबरीत प्लायवूड काही गिळतो. शिवाय फायबरग्लासची घनता मेपलच्या साधारण दुप्पट असते. तेवढ्याच जाडीचं शेल जड होतं आणि सहसा कमी थरथरतं, म्हणून काठीची ताकद पडद्याकडेच राहते. रबरी पट्ट्याने ड्रम खांद्याला अडकवणाऱ्याला ते वजन जाणवतं, ही मात्र खरी अडचण आहे.

‘जीव नाही’ या समजाचं आणखी एक कारण आहे आणि ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. १९७० च्या दशकात एका तोंडाच्या टॉमची फॅशन होती. खालचा पडदाच नसायचा. वर पडद्याला टेप किंवा फेल्ट लावून आवाज मुद्दाम कोरडा करायचे, कारण स्टुडिओत तेव्हा तसाच आवाज हवा असायचा. त्या काळातले बरेच फायबरचे टॉम असेच एकतोंडी होते. त्यांची आस छोटी असणारच. तो दोष खाली नसलेल्या पडद्याचा, फायबरचा नव्हे. लाकडी टॉमचा खालचा पडदा काढून बघा, तोही तसाच ‘ठप’ करेल.

नावाजलेल्यांनी वापरलं नाही म्हणता? न्यूयॉर्कमध्ये बॉब ग्राउसो आणि जॉन मोरेना यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या कंपनीचं नावच ‘फाइब्स’ होतं. तिचा क्रोमचं आवरण घातलेला फायबरग्लासचा स्नेअर (खाली तारा लावलेला सपाट ड्रम) खुद्द जॅझचा नामवंत ड्रमर बडी रिचने वाजवला. १९७० मध्ये ही कंपनी गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने विकत घेतली. जॅझचाच दुसरा ड्रमर बिली कॉबहॅमने रॉजर नॉर्थच्या भोंग्यासारख्या तोंडाच्या फायबरग्लास ड्रमचा सेट वाजवला. कॅलिफोर्नियात ॲलन ब्लेमायर फक्त फायबरग्लासची पातळ शेलं बनवायचा आणि आजही त्याचे ड्रम शोधत फिरणारे लोक आहेत. जपानच्या पर्लने तर दोन्ही केलं : पूर्ण फायबरग्लासची शेलं, आणि बाहेरून लाकूड, आतून फायबरग्लासचा थर अशी जोडशेलं. यांतला एक दुसऱ्यासारखा वाजत नाही. पातळ ब्लेमायर, जाड चटईचं शेल आणि लाकडाला आतून अस्तर लावलेलं पर्ल यांना एकाच ‘फायबर’च्या पोत्यात घालायचं कसं? कोंगाचं, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ड्रमचं, उदाहरण तर सगळ्यांसमोर आहे. लॅटिन परकशन कंपनीचे फायबरग्लासचे कोंगा जगभरच्या मंचांवर वाजतात आणि मोठ्या बँडमध्ये ऐकू येतात म्हणूनच निवडले जातात.

राहिलं तडकणं. जुन्या ॲक्रिलिक ड्रमची जोडाच्या रेषेवर तडकण्याची तक्रार खरी आहे. ती उचलून या मजकुराने फायबरग्लासच्या माथी मारली. फायबरग्लासलाही वय होतं. उन्हात वर्षानुवर्षं पडलं तर वरचा थर पांढुरका पडतो आणि लगचा स्क्रू जास्त आवळला तर भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा येतात. बहुतेक वेळा त्या वरच्या रंगाच्या थरापुरत्याच असतात. आतून बोट फिरवा. आतही रेघ लागली तर मात्र तो ड्रम घेऊ नका.

आणि लाकूड जुनं होऊन गोड होतं? कोरड्या, सांभाळलेल्या घरात होतही असेल. आपण कृष्णाकाठचे आहोत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या एका मित्राच्या तळघरात दोन सेट होते. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ उपसायला गेलो. स्वस्त प्लायवूडच्या बेस ड्रमचे थर घडीच्या पोळीच्या पदरासारखे सुटून वर आले होते. हात लावला तर वरचा पदर हातातच आला. दुसरा सेट फायबरचा. पडदे फेकले, लगच्या स्प्रिंगा गंजल्या होत्या त्या बदलल्या, शेलं पाइपने धुऊन गच्चीवर सावलीत ठेवली. मोजपट्टी लावली तर गोलाई होती तशी. त्या वर्षीच्या दिवाळीत तोच सेट वाजला. ‘साधा का होईना, लाकडी घ्या’ हा सल्ला मला म्हणूनच सर्वांत धोक्याचा वाटतो. त्यातलं ‘साधं लाकडी’ म्हणजे बहुतेक वेळा हेच हलकं प्लायवूड.

त्या मुलाला मी सेट परत दिला आहे. तेरा इंची टॉमची कड झाली, सोळा इंचीची अजून बाकी आहे. तिच्याखाली उजेड एकाच ठिकाणी दिसतो, लगपासून चार बोटं डावीकडे.