संगणकाचे साहित्य घेऊ इच्छिणाऱ्यांस काही नम्र सूचना

केबल, माऊस, कीबोर्ड किंवा यूपीएसची बॅटरी घ्यायची असेल, तर ती ऑनलाइन मुळीच मागवू नये. तिथे वस्तूची सगळी माहिती आधीच लिहून ठेवलेली असते आणि पसंत न पडल्यास माणूस दारी येऊन ती परत घेऊन जातो, त्यामुळे खरेदीतली सारी गंमत निघून जाते. त्यापेक्षा पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, जे जवळ असेल तिथल्या खास संगणक साहित्याच्या दुकानात जावे आणि स्थानिक व्यापाराला हातभार लावावा.

दुपारी एक ते चार या वेळेत जाऊ नये. कारण गोमंतकीय वाचकाला सांगायला नको.

दुकानात आपल्याला काय हवे ते नेमके सांगू नये, कारण त्याने समोरच्याच्या मनावर अकारण ताण येतो. मी हा अविचार नुकताच केला. लॅपटॉपला मॉनिटर जोडायचा असल्याने चित्र वाहून नेणारी टाइप-सी केबल हवी, असे मी काउंटरवरील तरुणाला सांगितले. त्याने मोबाइलवरची नजर न काढता मागच्या खुंटीवरचे एक पाकीट ओढले आणि म्हणाला, “टाइप-सी ना? सगळ्या सारख्याच.” वास्तविक टोकाचा आकार तेवढा सारखा असतो. एखादी केबल यूएसबी 2.0 च्या जुन्या वेगाने, म्हणजे सेकंदाला फार तर 480 मेगाबिट माहिती नेते आणि चित्रासाठी लागणाऱ्या तारा तिच्यात नसतातच. दुसरी हुबेहूब तशीच दिसणारी केबल 40 गिगाबिटपर्यंत जाते. एक 60 वॅट वीज पेलते, तर दुसरी 240. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर जाणकाराच्या दुकानात जायचे! मॉनिटर चालेल ना, असे पुन्हा विचारले तेव्हा “शंभर टक्के” असे उत्तर मिळाले. पाकिटावर वेगाचा आकडा नव्हता. आयातदाराच्या नावावर किमतीचे चिकटपत्र बसवलेले होते आणि नखाने त्याचा कोपरा उचलू लागताच “ते काढू नका” अशी सूचना मात्र तत्परतेने आली.

घरी लॅपटॉप चार्ज होऊ लागला आणि मॉनिटर काळाच राहिला. केबल परत नेली तर ऐकावे लागले, “चार्जिंग होते ना? मग केबल बरी आहे. तुमच्या लॅपटॉपचाच प्रॉब्लेम असेल.” हाच लॅपटॉप कार्यालयातल्या केबलवर व्यवस्थित चित्र दाखवतो, हे सांगण्यात अर्थ नव्हता. मग पाकीट फोडल्याचा आरोप झाला. पाकीट न फोडता केबल लावून पाहण्याची विद्या या दुकानात शिकवत असतील तर मी शुल्क भरायला तयार आहे. शेवटी नेहमीचे ब्रह्मास्त्र निघाले, “मालक ना, फाल्यां येयात,” म्हणजे मालक नाहीत, उद्या या.

पेनड्राइव्हची क्षमता तपासू नये, श्रद्धा ठेवावी.

यूपीएसची बॅटरी घेताना तिच्यावरचा निर्मितीचा महिना वाचू नये. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी तिची ताकद उतरते, हे कळले तर पहिल्या पावसात वीज लपंडाव खेळू लागली की उगाच वाईट वाटते.

आणि बिल तर कधीच मागू नये. मागितल्यास “बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागेल” असे सांगून आपल्यालाच करबुडव्यासारखे पाहिले जाते. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात, हे तिथे बोलू नये. पेनाने आकडा लिहिलेला कागदाचा चिटोरा कृतज्ञतेने खिशात घालावा.

पुरे झाला हा उपरोध. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. विक्रेत्याने केलेल्या दाव्यात माल उणा पडला, तर तोही त्या कायद्याने दोषच ठरतो. तेव्हा दुकानदारांनो, तुमचे ते “शंभर टक्के” तुमच्याच अंगलट येऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही पडत नाही. चारशे रुपयांसाठी कोण एवढे करणार, या एकाच भरवशावर तुमचा गल्ला चालला आहे. ग्राहक ऑनलाइन गेला म्हणून ऊठसूट गाऱ्हाणी सांगता, पण काउंटरवर एक जुना मॉनिटर ठेवून केबल लावून दाखवायला तुम्हाला काय होते? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, माल नसेल तर नाही म्हणा, आणि मालक जेवायला घरी गेले असतील तर त्यांना फोन लावून माझे पैसे आजच परत द्या.