मिशी गेली, नाव राहिलं

मूकबधिर शाळेत रुजू झालो तेव्हा मला झुपकेदार मिशी होती. पोरांनी पहिल्याच तासाला बारसं उरकलं. नाकाखाली दोन बोटं फिरवली की मी! आठवड्यात मुख्याध्यापक म्हणाले, "सर, पोरांनी ओठ वाचायचे की झुडूप?" मिशी उतरवली. नाव तेच राहिलं. (बायको आठ दिवस बोलली नाही. म्हणजे ओठ वाचायचीही सोय नव्हती.)

निवृत्तीनंतर परवा शाळेने भरीत पार्टीला बोलावलं. थंडीत भरताला नाही म्हणणारा माणूस खान्देशात अजून जन्मायचाय. भुसावळहून एसटी धरली.

फाटकातच घाम फुटला. आमच्या वेळी वर्गात खुणांना बंदी. समोर आरसा, तोंडापुढे कागदाची पट्टी. 'प' म्हटला की पट्टी उडायची, 'ब'ला गळ्यावर हात ठेवून थरथर शोधायची, 'म'ला नाकावर बोट. ओठांवर मात्र तिन्ही सारखेच, त्यामुळे पापा, बाबा, मामा एकच माणूस. एकदा "मामा आले" असं वाचून एक पोरगा नाचत फाटकाशी गेला, तर बाबा प्रगतिपुस्तक मागत उभे!

आता सगळा कारभार हातांचा. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राच्या कोशात 2021 सालीच 10,000 शब्द झाले. माझ्याकडे चाळीसेक, तेही गंजलेले. पोरं माझ्यासमोर माझ्याचबद्दल बोलत होती आणि मी हसून मान डोलावत होतो.

मग भाषण. शिस्तीवर पाच मिनिटं बोललो. शेजारच्या बाईंनी ते चार खुणांत संपवलं. पोरांनी हात उंचावून पंजे हलवले, म्हणजे टाळ्या.

"एवढंच?"

"सर, मुद्दा तेवढाच होता."

काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आलं, सोबत कळण्याच्या पुऱ्या. उजवे हात बरबटले, तरी गप्पा डाव्या हाताने चालूच. समोरच्या चिमुरडीने विचारलं, हे कोण? शेजारच्याने नाकाखाली बोटं फिरवली. तिने माझा गुळगुळीत चेहरा निरखला, ठामपणे मान हलवली आणि स्वतःच्या डोक्यावरून तळवा फिरवला. अख्खी पंगत खिदळली. तळवा पानोपानी पुढे गेला. शेवटची पुरी संपेतो बाईंच्याही डोक्यावर पोचला होता.

बस धरायला निघालो तेव्हा फाटकाशी दोन रांगा उभ्या होत्या, सगळे डोक्यावरून हात फिरवत. रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काय हो काका, पोरांचं डोकं दुखतंय का?"