नागडा आला म्हणून स्वस्तात पडला

विन्याने 65 इंची टीव्ही घेतलाय हे आता चहाच्या टपरीवाल्यालाही पाठ झालंय. शनिवारी रात्री त्याच टीव्हीवर ‘टर्मिनेटर’ झाला. भविष्यातून आलेल्या खुनी यंत्राचा सिनेमा, पहिला, 1984 चा. रविवारी कट्ट्यावर स्कूटर स्टँडला लावता लावताच विन्याने निकाल देऊन टाकला.

“गंडवलं रे आपल्याला लहानपणी! आरशासमोर डोळा काढतो तिथे चक्क रबराचं मुंडकं आहे. फोर-केमध्ये चकाकतं. आणि शेवटचा तो लोखंडी सांगाडा? अडखळत चालतो नुसता.”

“लंगडतोय तो,” मेधा म्हणाली. “टँकरच्या स्फोटातून आलाय. तू तरी सरळ चालशील का? गुडघा दुखतो म्हणून परवा जिना चढला नाहीस.”

विन्याचं तत्त्वज्ञान सोपं आहे: पैसा ओतला की वस्तू चांगली होते. बूट, टीव्ही, पोरीचा क्लास, सगळ्याला हीच फूटपट्टी. त्यामुळे त्याच्या लेखी 1991 चा दुसरा भाग हाच खरा सिनेमा. दहा कोटी डॉलर! पहिल्याला किती, तर 64 लाख. “कच्चा खर्डा होता तो,” असं म्हणून त्याने बिस्किट चहात बुडवलं आणि ते बुडालंच.

“दुसऱ्यात पोरगं त्या यंत्राला बोलायला शिकवतं, माणसं मारणार नाही अशी शपथ घ्यायला लावतं,” मेधा म्हणाली. “छान आहे, मी रडले पण होते. पण भीती कुठाय? पहिल्यातला कुणाचं ऐकत नाही. मोजकी वाक्यं बोलतो आणि फोनच्या पुस्तकात सारा कॉनर नावाच्या जितक्या बायका सापडतात, त्यांना क्रमाने मारत सुटतो. त्याला काय लागलं? एक फोनबुक. पैसे नव्हते म्हणून डोकं चालवलंय रे. गोष्ट भविष्यातली, पण घडते तेव्हाच्या लॉस एंजेलिसमध्ये, रात्री, रस्त्यावरच्या दिव्यांत. आणि भविष्यातून माणूस येतो तो नागडा. का? तर भविष्यातले कपडे शिवायला बजेट नव्हतं!”

“कथेत कारण दिलंय त्याचं. निर्जीव वस्तू येत नाही त्या यंत्रातून,” विन्या.

“तेच म्हणतेय. कारणसुद्धा फुकटात बसवलं. एका फटक्यात लेझरच्या बंदुका वाचल्या.”

नंदू आतापर्यंत गप्प होता, म्हणजे तबल्यावर येणार हे ठरलेलं. आलाच. “ते संगीत धर बरं. धरता येत नाही. चारात बसत नाही, तेराचं चक्र आहे. संगीतकार ब्रॅड फिडेलची यंत्रं एकमेकांना जोडलेली नव्हती, लूपचं बटण हाताने दाबायचं. किंचित आधी दाबलं गेलं, शेपूट तुटली, आणि तेच त्याने ठेवलं. आणि तो ठण् आवाज? लोखंडी तवा बडवलाय.”

“चुकलेली सम कौतुकाने सांगतोस. तुझी चुकली तेव्हा गुरुजींनी घरी पाठवलं होतं,” मी म्हटलं.

“माझी चुकली ती किंचित नव्हती.”

विन्याने मग हुकमाचं पान टाकलं. माणसांत मिसळून जाणारं यंत्र म्हणे, आणि घेतलं कुणाला तर आर्नोल्डला! ते धूड कुठल्या गर्दीत मिसळणार? दिग्दर्शक कॅमेरॉनच्या डोक्यात आधी लान्स हेन्रिकसन होता, साध्या चेहऱ्याचा नट. आर्नोल्डला तर बोलावलं होतं साराला वाचवायला येणाऱ्या रीसच्या रोलसाठी. मुद्दा बिनतोड होता. पण विन्याला मुद्दा द्यायचा नाही हे कट्ट्याचं जुनं धोरण असल्यामुळे आम्ही एकदम चहाकडे वळलो.

मेधाने मात्र सोडलं नाही. “सारा बघ. हॉटेलात ऑर्डरी चुकवणारी पोरगी. तिला बंदूक कुणी शिकवत नाही, पळता पळता शिकते. ती झालेल्या लिंडा हॅमिल्टनचा घोटा तर शूटिंगच्या आधीच दुखावलेला, पळायचे सीन मागे ढकलावे लागले. आणि या सिनेमाचे हक्क कॅमेरॉनने निर्माती गेल अ‍ॅन हर्डला एका डॉलरला विकले, अट एकच, दिग्दर्शन मीच करणार. एक डॉलर, विन्या! तुझ्या रिमोटचं कव्हरसुद्धा येणार नाही त्यात.”

“तरी त्या यंत्राच्या डोळ्यांत अ‍ॅपल टू कॉम्प्युटरचा कोड पळतो, मासिकात छापलेला. आणि कोबोल, प्रोग्रॅमिंगची ती जुनी भाषा!” विन्या चिवट आहे. “2029 चं यंत्र आणि कोबोल?”

“बँकेत तू कोबोलवरच निवृत्त झालास ना? मग तेही टिकलं, तूही टिकलास.”

नंदू म्हणाला, आपल्या मंडळाचं आठवा, ज्या वर्षी वर्गणी जमली नाही त्या वर्षी गोणपाट आणि रद्दीची गुहा केली होती, अख्खी डोंबिवली बघायला लोटली. पुढच्या वर्षी पैसा आला, थर्माकोलचा महाल झाला, कुत्रं फिरकलं नाही.

झालं. त्या महालाच्या वर्षी खजिनदार विन्या. हॅलोजनच्या खर्चाचा हिशोब अजून लागलेला नाही, हा विषय दर गणपतीत निघतो, या वेळी टर्मिनेटरमुळे लवकर निघाला.

“बिल होतं माझ्याकडे!” विन्या उभाच राहिला. “देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत ठेवलं होतं. उंदरांनी खाल्लं, त्याला मी काय करू?”

“बाप्पाचंच वाहन ते,” मेधा शांतपणे म्हणाली. “म्हणजे पैसे मंडळातच राहिले की.”

नंदूच्या नाकातून चहा आला. विन्याही हसत खाली बसला, आणि त्या रबराच्या मुंडक्याचं काय ठरलं ते कुणी विचारलंच नाही.