काका हिंदी महासागरात

"नकाशाला दोनच तर आकडे द्यायचेत. त्यात काय एवढं?" काका म्हणाले.

निवृत्त झाल्यावर काकांनी जग पाहिलं. ते पाहून झाल्यावर इतरांना दाखवायचं काम उरलं. फोटोंचे कार्यक्रम झाले, पण पहिल्या दोन कार्यक्रमांनंतर नातेवाईक फोन उचलेनासे झाले. मग काकांच्या मनात आलं की आपलं एक वेबपान असावं. त्यावर जगाचा नकाशा, नकाशावर आपण गेलो त्या ३७ ठिकाणी लाल टाचण्या, टाचणीवर क्लिक केलं की त्या ठिकाणी उभे राहून हसणारे काका. आमच्या घरात कॉम्प्युटरचं काम करणारा मी एकटाच, त्यामुळे विनंती वगैरे प्रकार झालाच नाही. "तुझं तासाभराचं काम," असं म्हणून त्यांनी तक्ता पाठवून दिला. कॉम्प्युटरवाल्यांच्या नातेवाइकांच्या हिशेबात जगातलं कुठलंही काम तासाभराचंच असतं.

तक्त्यात तीन रकाने होते : ठिकाण, अक्षांश, रेखांश. काकांनी सगळे आकडे निष्ठेनं देवनागरीत टाइप केले होते. वेबपानं ज्या भाषेत चालतात त्या जावास्क्रिप्टला १८ आणि १०८ यांतला फरक कळतो, पण ते देवनागरीत लिहिले तर दोन्ही सारखेच. दोघांनाही ती 'नॅन' म्हणते, म्हणजे 'ही संख्या नव्हे'. पहिला अर्धा तास आकड्यांचं लिप्यंतर करण्यात गेला. काही रेखांशांना तर १५-१५ दशांश स्थळं होती. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे पाचव्या दशांश स्थळालाच आपण सव्वा मीटरच्या आत येतो. पंधराव्याला एखाद्या अणूच्या आकाराशी जाऊन पोचतो. काका आयफेल टॉवरपाशी नेमके कुठल्या अणूवर उभे होते, याची नोंद मी पाच स्थळांपुढे कापून टाकली. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नकाशासाठी मी लीफलेट नावाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घेतली. २०११ पासून आहे, हलकी आहे, आणि तिच्या मुखपृष्ठावरचा नमुना इतका छोटा आहे की तो पाहून माणसाला आपण हुशार असल्याचा भास होतो. नकाशा तयार करा, 'सेट-व्ह्यू'ला अक्षांश, रेखांश आणि झूम द्या, टाचणी लावा. मी दिलं. पान कोरंच्या कोरं. नकाशाच्या चौकटीला उंची दिली नव्हती. उंची नसलेल्या चौकटीत लीफलेट मुकाट्यानं शून्य उंचीचा नकाशा काढते आणि काम झाल्यासारखी स्वस्थ बसते. ही चूक मी आयुष्यात चौथ्यांदा केली, म्हणून तिच्याबद्दल जास्त बोलत नाही.

उंची दिली आणि पडदा निळा झाला.

नुसता निळा. कुठे रेघ नाही, अक्षर नाही. मला वाटलं, नकाशाचे तुकडे उतरत नाहीयेत. हे नकाशे २५६ बाय २५६ पिक्सेलच्या चौकोनी फरशांनी बनतात. झूम ० ला सगळं जग एका फरशीत मावतं. पुढे प्रत्येक पायरीला फरशा चौपट होत जातात, आणि झूम १८ ला सगळं जग झाकायला ६,८७१ कोटींहून जास्त लागतात. त्यातल्या माझ्या वाट्याच्या दहा-बारा येत नसाव्यात, असं समजून मी इंटरनेट तपासलं, राउटर बंद करून चालू केला, ब्राउझर बदलला. प्रत्येक ब्राउझरमध्ये तोच निळा रंग. राउटर तिसऱ्यांदा बंद करून उठताना माउसचं चाक चुकून फिरलं, नकाशा मागे सरकला, आणखी सरकला, आणि डाव्या काठानं सोमालियाचा किनारा हळूच आत आला.

म्हणजे नकाशा पहिल्यापासून व्यवस्थित चालू होता. मी अर्धा तास हिंदी महासागराकडे बघत बसलो होतो, आणि त्याच्या मधोमध लाल टाचणी होती : 'आयफेल टॉवर, पहिल्या मजल्यावर मी'. निळ्या पाण्यावरची ती लाल टाचणी मला दिसली कशी नाही, हे विचारू नका. राउटर बघणाऱ्याला टाचणी दिसत नाही.

झालं होतं असं की तक्ता नीटनेटका असावा म्हणून मी तो जिओजेसन नावाच्या, नकाशावरच्या जागा लिहून ठेवायच्या फाइलप्रकारात बदलून घेतला होता. जिओजेसनमध्ये आधी रेखांश येतो, मग अक्षांश. २०१६ साली निघालेल्या आरएफसी ७९४६ या प्रमाणकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. लीफलेटच्या टाचणीला मात्र आधी अक्षांश लागतो, मग रेखांश. गूगलचा नकाशाही अक्षांशवाला. मॅपबॉक्स आणि ओपनलेयर्स या दुसऱ्या नकाशा-लायब्ररी रेखांशवाल्या. दोन्ही पक्षांकडे सबळ कारणं आहेत. खलाशांना अक्षांश पूर्वीपासून सूर्य-ताऱ्यांवरून काढता येत होता. रेखांशासाठी बोटीवर न चुकणारं घड्याळ लागायचं, आणि ते अठराव्या शतकात जाऊन मिळालं. जे आधी कळलं ते आधी सांगायचं, ही त्यांची रीत. आलेख काढणाऱ्यांचं म्हणणं की आधी आडवं अंतर, मग उभं. शाळेत क्ष आधी आणि य नंतर शिकवलात ना, मग आता का बदलता? त्यात आणखी गंमत अशी की अक्षांशाच्या रेषा आडव्या, पण त्या उभं अंतर सांगतात, आणि रेखांशाच्या उभ्या, पण त्या आडवं. भूगोलाच्या पेपरात मी हे एकदा उलटं लिहिलं होतं आणि दोन गुण गेले होते. या वेळी पॅरिस गेलं.

जावास्क्रिप्टचा स्वभाव असा की ४८.८५८४ आणि २.२९४५ या दोन आकड्यांतला कोण अक्षांश आणि कोण रेखांश, हे विचारायला ती कधीच थांबत नाही. द्याल त्या क्रमानं घेते आणि तिथे टाचणी ठोकून मोकळी होते. ब्राउझर जिथे चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये लाल अक्षर उमटलं असतं तर मी बिचारा पाच मिनिटांत सुधारलो असतो. इथे चूक झाल्याचं कळायला भूगोल यावा लागतो. न्यूयॉर्कची टाचणी अंटार्क्टिकाच्या बर्फात रुतली होती. टोकियो आणि सिडनी यांचे रेखांश १३९ आणि १५१. इतका अक्षांश पृथ्वीवर नसतोच, तो ९० ला संपतो. पण लीफलेटनं तरीही तक्रार केली नाही. या नकाशांचं जग ८५.०५ अंशांवर कापलेलं असतं, कारण तेवढं कापलं की ते बरोबर चौकोनी होतं. टोकियो आणि सिडनी त्या वरच्या काठाला वाळत घातल्यासारखे लटकत होते.

नेमकं तेव्हाच काका डोकावले. "हे काय? अंटार्क्टिकाला मी कधी गेलो?"

"काम चालू आहे, काका."

"नाही, मला जायचं होतं. पण तिकीट फार महाग होतं रे."

आता दोन आकड्यांची अदलाबदल केली असती तर प्रश्न मिटला असता. पण आपली चूक आहे हे कळल्यावर माणूस अवजार बदलतो. मी ओपनलेयर्स घेतली. ती रेखांशवाली, जिओजेसनही रेखांशवालं, म्हणजे पत्रिका जुळली. नकाशा आला, जग आलं, सगळे खंड जागच्या जागी. फक्त ३७ च्या ३७ टाचण्या आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात एका ठिपक्यावर गोळा झालेल्या. जवळ जाऊन पाहिलं तर त्या सुट्या होत्या, पण सगळ्या दोनशे मीटरच्या आत. कारण ओपनलेयर्सचा नकाशा मुळात अंशांत मोजतच नाही, मीटरमध्ये मोजतो. शून्यापासून पूर्वेला २,००,३७,५०८ मीटर आणि पश्चिमेला तेवढेच, असं तिचं जग. 'फ्रॉम-लॉनलॅट' नावाच्या फंक्शनमधून अंश गाळून घ्यायचे असतात. मी ते तसेच ओतले, आणि तिनं मला पॅरिस शून्यापासून ४८ मीटर उत्तरेला काढून दिलं. काकांनी उभ्या आयुष्याची पुंजी घालून केलेलं जगभ्रमण सकाळच्या फेरफटक्याएवढं झालं होतं.

मुकाट्यानं लीफलेटकडे परत आलो, आकड्यांची अदलाबदल केली, आणि ३४ टाचण्या आपापल्या गावी गेल्या. तीन मात्र त्याच समुद्रात बसून राहिल्या.

ही जागा प्रसिद्ध आहे. शून्य अक्षांश, शून्य रेखांश. विषुववृत्त तिथे निसर्गानं आणलं, आणि ग्रिनिचची रेषा १८८४ साली वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेनं. दोघांची गाठ गिनीच्या आखातात पडते. जवळचा किनारा पाचशे किलोमीटरहून लांब. जगातले सगळे हरवलेले पत्ते तिथे जमतात, म्हणून नकाशावाल्यांनी तिला नाव दिलंय 'नल आयलंड', म्हणजे 'शून्याचं बेट'. खरं तर तिथे बेट नाही. हवामानाच्या नोंदी घेणारा एक बोया, म्हणजे तरंगतं पिंप, तिथे नांगरून ठेवला होता, त्याचं नाव 'सोल'. पण 'नॅचरल अर्थ' या मोफत नकाशा-संचात २०११ साली खास चुका पकडण्यासाठी तिथे एक चौरस मीटरचं बेट काढून ठेवण्यात आलं. एक चौरस मीटर! काकांनी त्यावर नीट उभं राहायचं म्हटलं तर छत्री मिटावी लागेल.

तक्ता उघडला. तीन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश रिकामे. 'डोंगर, नाव आठवत नाही', 'तळं (सुंदर)' आणि 'इथे पाकीट हरवलं'. रिकाम्या मजकुराचा आकडा करायला सांगितला की जावास्क्रिप्टचं 'नंबर' शून्य देतं आणि 'पार्स-फ्लोट' नॅन देतं. मी 'नंबर' वापरलं होतं. काही माहीत नसलं तर शून्य सांगायचं, हा आत्मविश्वास माझ्याकडे असता तर मी आज इथे टाचण्या लावत बसलो नसतो.

त्यानंतरची दुखणी किरकोळ म्हणायची. आयफेलला काकांचे दोन फोटो, दोन टाचण्या एकमेकींवर, म्हणून दुसरीच्या अक्षांशात ०.००१ मिळवायला गेलो. तक्त्यातून थेट उचललेला आकडा मुळात मजकूर होता आणि मजकुराला आकडा जोडला की तो शेपटीसारखा मागे चिकटतो. उत्तर आलं ४८.८५८४०.००१. दोन दशांशचिन्हांची संख्या! इथे मात्र लीफलेटनं पहिल्यांदा आरडाओरडा केला आणि मला तिच्याबद्दल प्रेम वाटलं.

मग काकांना प्रवासाची रेघ हवी झाली. टोकियोहून सॅन फ्रान्सिस्को. रेघ निघाली ती जपानमधून पश्चिमेकडे, आशिया ओलांडून, युरोपवरून, अटलांटिक पार करून अमेरिकेत शिरली. गणिताच्या दृष्टीनं बरोबरच. १३९.६९ वरून −१२२.४२ ला जायचं तर मध्ये शून्य लागणारच. पॅसिफिकवरून गेलं तर सुमारे ९८ अंशांतच काम भागतं, हे साध्या वजाबाकीला कळत नाही.

"विमानानं मला असं उलटं कधी नेलं?" काकांनी विचारलं. आणि मग जरा हळू आवाजात, "नेलं असेल तर तिकीट स्वस्तच पडलं म्हणायचं."

उपाय असा की सॅन फ्रान्सिस्कोच्या रेखांशात ३६० मिळवायचे, म्हणजे २३७.५८. पण मग पुढच्या न्यूयॉर्कलाही २८६ करावं लागतं, नाहीतर तिथून रेघ सगळं जग ओलांडून परत येते. दोन्ही शहरं वाढवली तशी रेघ नकाशाच्या उजवीकडच्या दुसऱ्या जगात गेली आणि टाचण्या पहिल्या जगात राहिल्या. मग त्याही उचलून तिकडे नेल्या.

रविवारी काकांच्या मित्रमंडळासमोर उद्घाटन झालं. त्या तीन टाचण्या मी काढून टाकणार होतो, पण काकांनी अडवलं. "राहू दे रे. ३७ सांगितलेत सगळ्यांना." तेव्हा तिन्ही गिनीच्या आखातातच राहिल्या, एकीवर एक. त्यांपैकी वरची डोंगराची.

मंडळी पॅरिसवरून पुढे गेली, न्यूयॉर्कवरून पुढे गेली. मग एका सद्गृहस्थांनी चष्मा वर करून समुद्रातल्या टाचणीवर बोट ठेवलं. काकांनी क्लिक केलं. पडद्यावर काका हसत होते आणि त्यांच्यामागे बर्फानं झाकलेलं भलंमोठं शिखर होतं.

"हे कुठलं हो?"

"नल आयलंड," काका म्हणाले. मी कुठल्याशा बेसावध क्षणी त्यांना नाव सांगून बसलो होतो.

सद्गृहस्थ पडद्याच्या जवळ सरकले. "विषुववृत्तावर बर्फ?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी राउटरकडे पाहिलं.

"बेट लहान आहे," काका म्हणाले, "पण उंच आहे."