गुलाबी घर पाडलं, ते बरं केलं का?

"पाडलं ते बरंच केलं," बंड्या म्हणाला आणि विद्या उसळलीच.

वाद चालला होता तो अमेरिकेतल्या एका घरावरून. मॅसॅच्युसेट्समध्ये न्यूबरी गावात, प्लम आयलंडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, खाडीच्या दलदलीत एकटं उभं असलेलं 'पिंक हाउस'. १९२५ चं बांधकाम, छपरावर छोटीशी मनोरी, आणि नजर पोचेल तिथवर नुसतं गवत. सुहासची बहीण बॉस्टनजवळ राहते. तिने जुने फोटो पाठवले होते. ११ मार्च २०२५ ला घर जमीनदोस्त झालं.

नानांना रस होता तो दंतकथेत. म्हणे घटस्फोटात बायकोने अट घातली, आत्ता राहतो तसंच्या तसं घर मला बांधून दे. कुठे, ते कागदावर यायचं राहिलं. नवऱ्याने दलदलीत बांधून दिलं, नळाला खारं पाणी!

"नाना, त्याला पुरावा नाही," सुहास म्हणाला.

"नसू दे. नवरा हुशार होता."

बंड्या पक्षीवाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. घर आणि भोवतालची जागा २०११ पासून केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याची, पार्कर रिव्हर अभयारण्यासाठी घेतलेली. "तिथे सॉल्टमार्श स्पॅरो नावाची चिमणी आहे. गवतात, भरतीच्या पाण्याच्या जेमतेम वर घरटं करते. समुद्र चढतोय, उधाणात पिल्लं बुडतात. तिला मिळेल तेवढं गवत हवंय."

"एका घराखाली अशी किती गवताची जागा गेली होती रे?" विद्या म्हणाली. "शेजारून अख्खा डांबरी रस्ता गेलाय, तो नाही दिसला? शंभर वर्षांचं घर तेवढं डोळ्यावर आलं."

इथे बंड्या जरा गप्प झाला. मुद्दा बिनतोड होता, मला तरी तसंच वाटलं.

पण मग अ‍ॅस्बेस्टॉसचा विषय निघाला, म्हणजे जुन्या बांधकामात वापरलेला, श्वासातून गेला तर कर्करोग करणारा तंतू. घरात तो होता, आणि खात्याने घर घेतल्यापासून आत कोणी राहत नव्हतं. नाना म्हणाले, कोकणातलं बंद घर दोन पावसाळ्यांत कसं होतं ते आम्हाला विचारा. तिथे तर खारा वारा, हिवाळ्यात बर्फ, आणि मालक कोण, तर पक्षी सांभाळणारं खातं. त्यांच्याकडे गवंडी कुठून असणार?

"म्हणूनच लोक म्हणत होते ना, घर आम्हाला द्या!" विद्या म्हणाली. 'सपोर्ट द पिंक हाउस' नावाची संस्था कित्येक वर्षं मागे लागली होती. घराच्या बदल्यात अभयारण्याला दुसरी जमीन द्यायची, असा घाट होता. सुहासने त्यातली मेख सांगितली. अभयारण्याची जमीन नुसती दान देता येत नाही, बदल्यात साधारण तेवढ्याच किमतीची आणि खात्याच्या उपयोगाची जमीन लागते. तशी जुळेना. मग २०२४ मध्ये घर लिलावात काढलं. अट अशी, की घेणाऱ्याने ते तिथून उचलून न्यायचं.

"उचलून?" नाना.

"हो. गिऱ्हाईक आलं नाही."

"दलदलीतून घर उचलायला कोण येणार? हा लिलाव नव्हे, पाडण्याआधीचा सोपस्कार," विद्या म्हणाली. त्या शरद ऋतूत गव्हर्नर मॉरा हिली मध्ये पडल्या, पाडकाम काही महिने लांबलं, इतकंच.

माझं म्हणणं मी मध्येच घुसवलं. २०२५ ची चूक शोधण्यात अर्थ नाही, चूक २०११ ची. जमीन हवी होती तर घेताना घराचा तुकडा वेगळा काढायचा, नाहीतर त्याच वर्षी पाडून मोकळं व्हायचं. चौदा वर्षं तसंच ठेवलं, तोवर लोकांनी त्याची चित्रं काढली, फोटो काढले, जीव लावला. नंतर ते नुसतं मोडकं बांधकाम उरलं नव्हतं.

"तुकडा वेगळा काढून राहणार कोण तिथे? सांडपाणी कुठे सोडणार, खाडीत?" बंड्या.

"राहायचं कशाला? बाहेरून सांभाळायचं. पक्षी बघणाऱ्यांसाठी माहिती केंद्र करायचं."

"आणि छप्पर गळलं की पैसे कोण देणार?"

"संस्था देणार. तेच तर ती मागत होती."

"आज देईल. वीस वर्षांनी?"

विद्याकडे याला उत्तर नव्हतं, पण तिने हार मानली नाही. म्हणाली, वीस वर्षांनी पडलं असतं तर आपोआप पडलं असतं, तेव्हाही गवत उगवलंच असतं.

बंड्या म्हणाला, "आणि अ‍ॅस्बेस्टॉस?"