खुलासा: टँगोचं नवं ध्वनिमुद्रण ‘बंद पडलेलं’ नाही

‘टँगो 1955 ला संपला, आता नवं काही निघत नाही, मिलोंगात जुन्याच तबकड्या फिरतात’ असा मजकूर नाचणाऱ्यांच्या गटांत फिरतो आहे. यातला शेवटचा भागच थोडाफार खरा आहे.

मिलोंगा म्हणजे टँगो नाचायची बैठक. तिथे वाजणारं बहुतेक संगीत आजही साधारण 1935 ते 1955 या काळातलं असतं, हे कबूल. पण वाद्यवृंदप्रमुख दि सार्लीची, नाचणाऱ्यांची लाडकी रचना ‘बाहिया ब्लांका’ मुद्रित झाली 1957 मध्ये, आणि तसाच दुसरा वाद्यवृंदप्रमुख दारिएन्सो याचा वाद्यवृंद 1970 च्या दशकातही रेकॉर्डिंग करत होता. म्हणजे ती रेघ तिथेच मोडते.

पुढचं बघा. पुग्लिएसे या जुन्या वाद्यवृंदप्रमुखाच्या वाद्यवृंदातून बाहेर पडलेल्यांनी 1989 मध्ये ‘कोलोर टँगो’ हा वाद्यवृंद उभा केला. ‘सेक्सतेतो मिलोंगेरो’, ‘रोमँतिका मिलोंगेरा’ हे तर या शतकातले, आणि खास नाचणाऱ्यांसाठीच वाजवणारे.

मग हे कमी का ऐकू येतं? कारण तांदा. डीजे एकाच वाद्यवृंदाच्या, एकाच धाटणीच्या तीन-चार रचना सलग लावतो, हाच तांदा; मग ‘कोर्तिना’ नावाचा छोटा तुकडा वाजतो आणि जोड्या बदलतात. अंगात भिनलेली जुनी चाल लागली की नाचणारे पहिल्या दोन सुरांतच उठतात. नव्या मुद्रणावर जरा थबकतात. (मीही थबकतो, खोटं कशाला बोलू?) त्यामुळे डीजे हात आखडता घेतो. म्हणून कुणी रेकॉर्डिंगच करत नाही, हा निष्कर्ष साफ चुकीचा.