छपाईपेक्षा शीतकरण महत्त्वाचे

30 मे 2024 रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या, अग्निकुल कॉसमॉस या खासगी कंपनीच्या ‘अग्निबाण’ रॉकेटच्या थ्रीडी प्रिंटेड इंजिनावरील लेख वाचला. अशा छपाईचा मुख्य फायदा म्हणजे वेळेची बचत, असे लेखकाने त्यात म्हटले आहे. ते खरे असले तरी माझ्या मते खरी मेख शीतकरणात आहे. ज्वलनकक्षातील वायूंचे तापमान 3000 अंशांच्या आसपास जाते आणि तांबे तर 1085 अंशांनाच वितळते; म्हणून इंधन जाळण्याआधी ते कक्षाच्या भिंतीतील बारीक वाहिन्यांमधून खेळवून तिची उष्णता काढून घेतात. पारंपरिक पद्धतीत या वाहिन्या मिलिंगने (फिरत्या कटरने) कोरून त्यांवर दुसरा थर ब्रेझिंगने (वितळलेल्या मिश्रधातूने सांधून) किंवा निकेलच्या विद्युतलेपनाने बसवावा लागतो, आणि ब्रेझिंगचा सांधा कुठे कच्चा राहिला तर काय होते, हे भोसरीतल्या कोणत्याही अनुभवी कारागिराला समजावून सांगण्याची गरज नाही. छपाईत धातूच्या भुकटीचे थरावर थर वितळवून भाग एकसंध घडवतात, त्यामुळे तो सांधाच उरत नाही. अर्थात, वाहिन्यांत अडकलेली धातूची भुकटी पूर्णपणे काढणे आणि आतल्या खडबडीत पृष्ठभागामुळे इंधनाचा दाब किती घटेल याचा हिशेब मांडणे, ही नवी डोकेदुखी मागे लागतेच. लेखात याविषयी एक परिच्छेद तरी हवा होता.